कोअर दगडासारखा झाला, तिथंच फसलं

प्रश्न थोडक्यात असा. मिरजेचे एक गृहस्थ घरामागच्या पडवीत हौसेनं ॲल्युमिनियम ओततात. जुन्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाची बॉडी त्यांना नव्यानं ओतायची आहे. आत पाण्याची वळणाची वाट आहे, म्हणजे कोअर (पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) आलाच. पहिल्या खेपेला त्यांनी वाळूत ८ टक्के सोडियम सिलिकेट हे चिकटवण मिसळलं आणि सीओटू गॅस मारला. कोअर टणक झाला, ओतीवही छान आलं, पण आतली वाळू काही निघेना. तीन दिवस छिन्नी चालवली आणि शेवटी बॉडीच तडकली. आता एका मित्रानं त्यांना लिटरभर फ्युरान रेझिन, म्हणजे वाळूचं दुसरं एक चिकटवण, दिलंय. विचारतात की फ्युरानचा कोअर सुटेल का, ते पक्कं करणारं कॅटलिस्ट मिळत नाही तर बॅटरीचं ॲसिड चालेल का, आणि वाळू मिसळायला घरातला जुना मिक्सर वापरला तर काय बिघडलं.

नमस्कार. मी कोल्हापुरात उद्यमनगरात कोअर शॉपला हेल्पर म्हणून लागलो, पुढं शिरोली एमआयडीसीत बरीच वर्षं काढली. त्यामुळे वाळू, चिकटवण आणि त्यांचे वास यांच्याशी माझा संबंध तसा जुना आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी एक सांगतो. ‘कुठलं बाइंडर, म्हणजे चिकटवण, चांगलं’ हा तुमचा प्रश्नच नाही. तुमचा कोअर मजबूत व्हायला कमी पडला नव्हता, तो गरजेपेक्षा दुप्पट मजबूत झाला होता. कोअर रस, म्हणजे वितळलेला धातू, येईपर्यंत उभा राहावा, रस गोठेपर्यंत तग धरावा आणि मग मुकाट्यानं वाळू होऊन बाहेर पडावा. पहिल्या दोन कामांना सगळी बाइंडरं पुरतात. घरगुती ॲल्युमिनियमच्या कामात निवड ठरते ती तिसऱ्या कामावर.

याचं कारण समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. आमच्या भागात ज्याला विचाराल तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, माणूस. बिडाचा रस साच्यात पडतो १३५० ते १४०० अंशांना. त्या उष्णतेनं कोअरमधलं रेझिन जळून जातं, आणि शेकआउटला, म्हणजे ओतीव साच्यातून काढताना, हातोडीचे दोन ठोके दिले की वाळू भसाभसा गळते. तुम्ही ओतता ॲल्युमिनियम, ७०० ते ७५० अंशांना. शिवाय त्या रसात कोअरला जाळायला पुरेल इतकी धगही नसते, पाच-सहा किलोचा तर सगळा कारभार. कोअरची वरची साल करपते, पण पोटातलं बाइंडर होतं तसंच राहतं. म्हणून बिडवाल्याचा सल्ला त्याच्या जागी शंभर टक्के खरा असूनही तुमच्या पडवीत उलटा पडतो. आणि सिलिकेटची तऱ्हा आणखी वेगळी. ते जळतच नाही, ती काचेची जात आहे. जास्त तापलं तर वाळूच्या कणांना धरून काचेसारखं बसतं, त्यामुळे ते बिडातही त्रास देतं आणि ॲल्युमिनियममध्येही.

आता कशावर काय अवलंबून आहे ते बघू. नग किती काढायचे? एक-दोन असतील तर वेळ गेला तरी चालतो, मग झटपट पक्क्या होणाऱ्या रसायनाची गरज काय? कोअरबॉक्स, म्हणजे कोअर घडवायचा साचा, लाकडाचा आहे की धातूचा? भोवती शेजारी किती लागून आहेत? आणि वाळू कुठली आहे? तुमच्या लिहिण्यावरून मी असं धरतो की नग दोन किंवा तीन, बॉक्स लाकडी, शेजार भिंतीला भिंत आणि वाळू कृष्णेची. यातलं काही वेगळं असेल तर माझं उत्तरही थोडं बदलेल.

तुमच्या जागी मी असतो तर जवसाच्या तेलाचा कोअर केला असता. हसू नका. रेझिनं येण्याआधी जगभर हेच चालायचं, आणि ॲल्युमिनियमच्या गुंतागुंतीच्या कोअरला आजही हे तेल उत्तम सुटतं. ॲल्युमिनियमच्या उष्णतेलाही ते मोडतं, आतली वाळू तपकिरी पडून मोकळी होते. माझ्या वस्तादांनी मला पहिला कोअर शिकवला तो तेलाचाच.

पाच किलो कोरड्या वाळूचा हिशेब सांगतो. तेल ७५ ग्रॅम, म्हणजे दीड टक्का. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ मागा, खाण्याचं कच्चं जवस तेल नको. बॉइल्ड तेलात कोबाल्ट, मँगनीज यांचे क्षार ‘ड्रायर’ म्हणून घातलेले असतात आणि तेच तुमचं कॅटलिस्ट. तेल नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं जाळं बनतं आणि ड्रायर त्या कामाला वेग देतो. मैदा किंवा डेक्स्ट्रिन ५० ग्रॅम, पाणी १०० ते १२५ ग्रॅम. आधी वाळूत मैदा कोरडाच मिसळा, मग पाणी घाला, तेल सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केलात तर तेल कणांवर बसतं आणि मैद्याला पाणी मिळत नाही. तयार वाळू मुठीत दाबली तर लाडवासारखी वळली पाहिजे आणि अंगठ्यानं दाबल्यावर स्वच्छ दोन तुकडे झाले पाहिजेत. हाताला तेल लागत असेल तर तेल जास्त झालं.

भाजण्याआधी हा कोअर फार नाजूक असतो, लोक इथंच कंटाळतात. उपाय असा की वळणाची वाट मधोमध कापून दोन अर्धे कोअर करायचे. प्रत्येक अर्धा आपल्या सपाट अंगावर पत्र्यावर बसतो, त्याला आधार लागत नाही. आत बाइंडिंग तारेचा एक तुकडा घाला. सपाट बाजूवर भाजण्याआधीच सायकलच्या स्पोकनं मधून एक चर ओढा, एका प्रिंटपासून (कोअरचं साच्यात टेकणारं टोक) दुसऱ्या प्रिंटपर्यंत. दोन्ही अर्धे जोडले की तोच चर कोअरमधला गॅस बाहेर जायचा रस्ता होतो. वळणाच्या कोअरला भोक पाडणं हे कटकटीचं काम, ते असं फुकटात होतं. भाजून झाल्यावर मैद्याच्या दाट खळीनं अर्धे चिकटवा, चर बुजणार नाही एवढं बघा, आणि पुन्हा वीसेक मिनिटं सुकवा.

भाजायला २०० ते २२० अंश, तुमच्या मापाच्या कोअरला दीड तास. जुना ओटीजी चालेल, पण तो पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही. आत थोडी हवा खेळू द्या, ऑक्सिजन नसेल तर तेल पक्कं होत नाही. धूर होतो आणि तो डोळ्यांना झोंबतो, म्हणून हे काम उघड्यावरच. रंग बघून ओळखा: थालीपिठाच्या भाजणीसारखा खरपूस तपकिरी आला की उतरवा. फिकट पिवळा असेल तर मध्ये कच्चा आहे, ओतताना गॅस काढेल. काळपट झाला तर बाइंडर जळायला लागलं, कडा भुरभुरतील. एक इशारा देऊन ठेवतो. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते स्वतःहून तापतं आणि पेट घेतं. उघडं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

आता सिलिकेट. तुम्ही ते सोडून देणार असाल, पण दोष त्याचा कमी आणि मापाचा जास्त आहे. सीओटूच्या कोअरला साडेतीन ते चार टक्के पुरतात, तुम्ही घातले आठ. शिवाय तुम्ही लिहिलंय की ‘पांढरं दिसेपर्यंत’ गॅस मारला. ते पांढरं म्हणजे जास्तीच्या गॅसनं तयार झालेला सोडा. तो वर आला की वरची साल ठिसूळ होते आणि पुढं दोन दिवसांत कडा झडायला लागतात. मुठीएवढ्या कोअरला कमी दाबानं दहा-पंधरा सेकंद पुष्कळ झाले. नखानं ओरखडा कष्टानं उठायला लागला की थांबायचं.

सुटायला सोपं जावं म्हणून सिलिकेटच्या वाळूत साखर किंवा मळी घालतात. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मळीला तोटा नाही. वाळूच्या एक टक्क्याच्या आत ठेवा. उष्णतेनं ती जळते आणि काचेच्या जाळ्यात फटी पाडते. गुऱ्हाळाची काकवी वापरली तरी काम तेच होईल, पण भाकरीबरोबर खायची वस्तू वाळूत घालायला माझा हात धजत नाही.

गॅसचं सिलिंडर परवडत नसेल तर सिलिकेटला एस्टर जातीच्या रसायनानंही पक्कं करता येतं. डायॲसिटिन, ट्रायॲसिटिन ही नावं रसायनांच्या दुकानात मिळतील. प्रमाण सिलिकेटच्या वजनाच्या १० ते १२ टक्के. पाच किलो वाळूला सिलिकेट दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम, एस्टर अठरा-वीस ग्रॅम. सोनाराच्या दुकानात असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या. झाकणानं मोजायची सवय असेल तर ती आजच सोडा.

इथं एक मोठा गैरसमज आहे, आणि तो फाउंड्रीत दहा वर्षं काढलेल्या माणसांचाही असतो. फ्युरानचं ॲसिड आणि सिलिकेटचं एस्टर, दोन्हींना सगळे ‘कॅटलिस्ट’च म्हणतात. पण दोघांचा स्वभाव वेगळा. फ्युरानचं ॲसिड म्हणजे विरजण. थोडं घातलं तर दही सावकाश लागतं, जास्त घातलं तर लवकर, पण लागतं दोन्ही वेळा. एस्टर म्हणजे कणकेतलं पाणी. ते स्वतः त्या क्रियेत खर्ची पडतं. पाणी कमी घातलं म्हणून कणीक सावकाश मळली जात नाही, ती कोरडीच राहते. तसं एस्टर कमी घातलं तर कोअर उशिरा पक्का होणार नाही, तो कधीच नीट पक्का होणार नाही. जास्त घातलं तर वेग फारसा वाढणार नाही, उरलेलं एस्टर उगाच गॅस काढेल. म्हणून एस्टरमध्ये वेग बदलायचा असेल तर प्रमाणाला हात लावायचा नाही, जात बदलायची. डायॲसिटिन जलद, ट्रायॲसिटिन सावकाश. थंडीत एक, उन्हाळ्यात दुसरं, किंवा दोन्हींचं मिश्रण. फिनॉलिकची अल्कधर्मी रेझिनं, ज्यांना शॉपमध्ये अल्फासेट म्हणतात, त्यांचंही हेच गणित आहे.

आता तुमचं फ्युरान. हे रेझिन फरफ्युरिल अल्कोहोलपासून बनतं, आणि ते मुळात उसाच्या चिपाडापासून किंवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंडापासून काढतात. म्हणजे वंशानं तुमच्या-माझ्याच भागातलं म्हणायला हरकत नाही. वाळूच्या एक टक्क्याच्या आसपास रेझिन आणि रेझिनच्या तीस ते पन्नास टक्के ॲसिड. ॲसिड म्हणजे पॅराटोल्युइन सल्फोनिक, शॉपमध्ये पीटीएसए म्हणतात, ते पाण्यातलं साधारण ६५ टक्क्यांचं द्रावण मिळतं. पाच किलो वाळूला रेझिन ५० ग्रॅम, ॲसिड अठरा-वीस ग्रॅमपासून सुरू करा.

बॅटरीचं ॲसिड नको. ‘चालत नाही’ असं मी म्हणत नाही, गंधकाम्लानं फ्युरान पक्कं होतं हे खरं आहे. पण बॅटरीच्या ॲसिडात सुमारे ३५ टक्के ॲसिड आणि बाकी पाणी असतं. फ्युरान पक्कं होताना स्वतःच पाणी बाहेर टाकतं, ते उडून जायला हवं. तुम्ही वरून आणखी पाणी ओतलंत तर बाहेरची साल कडक आणि पोट ओलं असा कोअर मिळेल. मग तुम्ही ॲसिड वाढवाल, आणि गंधकाम्ल जहाल असल्यामुळे मिसळता-मिसळताच वाळू हातात आवळेल. मध्यम असं काही त्यात सापडत नाही. हातमोजे, कपडे, काटा यांचं काय होईल ते वेगळंच. पीटीएसए लिटरभर मिळत नाही ही तुमची तक्रार खरी आहे. दुकानदार अख्ख्या डब्याखाली बोलत नाही. जवळच्या एखाद्या नो-बेक, म्हणजे न भाजता कोअर पक्के करणाऱ्या, फाउंड्रीत जाऊन कोअर शॉपच्या सुपरवायझरला विनंती करा, बहुतेक जण काचेच्या बाटलीत अर्धा लिटर देतात. तसं मिळालं तर घ्या, नाहीतर फ्युरान बाजूला ठेवा.

आणि आता जे सांगतोय ते जाड अक्षरात आहे असं समजा. रेझिन आणि ॲसिड एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही. आधी ॲसिड वाळूत घालून नीट फिरवायचं, मग रेझिन. मी नवा होतो तेव्हा आमच्या एका पोरानं वेळ वाचवायला म्हणून एकाच प्लॅस्टिकच्या मगात दोन्ही काढलं. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग फस्सकन वाफ उठली, मगाचं प्लॅस्टिक खाली बसलं, काळा फेस टेबलावर पसरला आणि पोराच्या मनगटावर उडाला. नळ जवळ होता म्हणून थोडक्यात निभावलं. रेझिनचं माप आणि ॲसिडचं माप वेगळं, रंगही वेगळे ठेवायचे, ही शिस्त त्या दिवसापासून आमच्याकडं आली.

फ्युरानचा कोअर ॲल्युमिनियममधून सुटेल का? सिलिकेटपेक्षा नक्की बरा सुटेल, तेलाइतका नाही. रेझिन एक टक्क्याच्या खाली, ०.८ पर्यंत आणलंत तर फरक कळेल. ओतल्यावर पीटीएसएचा गंधकाचा उग्र वास सुटतो आणि बाकीची वाफही अंगाला बरी नाही. भिंतीला भिंत शेजार असेल तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला उत्तरं द्यावी लागतील.

फ्युरान करायचंच असेल तर वाळू बदलावी लागेल. कृष्णेची वाळू म्हणजे आपल्या काळ्या खडकाचा चुरा, त्यात चुनखडीचे कण आणि माती. चुनखडी ॲसिड खाऊन टाकते. मग तुम्ही म्हणता कॅटलिस्टमध्ये दम नाही, आणि दोष असतो वाळूचा. समुद्रकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तीही तशीच. तपासायला प्रयोगशाळा नको. चमचाभर वाळूवर संडास साफ करायच्या ॲसिडचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर ती वाळू फ्युरानला नको. कोल्हापूरच्या फाउंड्रीत सिलिका वाळू येते ती बरीचशी सिंधुदुर्गातून, कणकवली-कासार्डे पट्ट्यातून. एखाद्या फाउंड्रीच्या स्टोअरमधून दोन पोती मिळाली तर सोनं. तेलाच्या कोअरला मात्र कृष्णेची वाळूही चालते, फक्त धुऊन माती काढा, कडकडीत वाळवा आणि चाळा. मातीचा प्रत्येक कण तेल पितो.

वाळू चाळताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. सिलिकाची जी धूळ डोळ्यांना दिसत नाही तीच फुप्फुसात जाऊन बसते. एन-९५ मास्क औषधाच्या दुकानात मिळतो, तो लावा. आमच्या पिढीनं लावला नाही, त्यातले काही जण आज जिना चढताना मध्येच थांबतात.

हवामानाचं दोन शब्दांत सांगतो, कारण नवा माणूस इथंही फसतो. ढोबळमानानं दहा अंश तापमान वाढलं की फ्युरानचा वेग दुप्पट होतो. एप्रिलमध्ये सकाळी जे ॲसिड बरोबर वाटलं ते दुपारी तीनला घमेल्यातच दगड करतं. म्हणून वाळूचं तापमान हातानं बघा, गार-गरम कळतं. पावसाळ्यात उलट भानगड. सिलिकेटचा कोअर हवेतलं पाणी ओढतो. आम्ही एकदा जुलैत शनिवारी कोअर करून ठेवले आणि सोमवारी ओतले. दिसायला ठणठणीत होते. रस आत गेला आणि रायझरमधून, म्हणजे साच्याच्या वरच्या भोकातून, उसळून वर आला, जसं कढईत ओली भजी पडावी तसं. माणसं लांब होती म्हणून बरं. तेव्हापासून नियम केला की पावसाळ्यात आजचा कोअर आज, आणि साच्यात बसवण्याआधी ओव्हनमध्ये अर्धा तास गरम. तेलाच्या कोअरलाही हे लागू आहे, तो कमी ओढतो एवढंच. ॲल्युमिनियममध्ये तर ओलावा म्हणजे हायड्रोजन, आणि हायड्रोजन म्हणजे पंपाच्या भिंतीत सुईच्या टोकाएवढी भोकं. बॉडी दिसायला चकचकीत आणि पाणी सोडलं की घाम फुटल्यासारखी पाझरते.

दोन पर्याय राहिले. रेझिन कोटेड सँड, म्हणजे शेल वाळू, पोत्यातून तयार मिळते. ती धातूच्या गरम बॉक्समध्ये, सव्वादोनशे-अडीचशे अंशांना, ओतली की मिनिटाभरात साल धरते. कॅटलिस्ट आतच असतं, हेक्झामिन, म्हणून भाजताना अमोनियाचा वास येतो. कोअर अप्रतिम गुळगुळीत होतो. पण धातूचा बॉक्स लागतो, आणि ॲल्युमिनियममध्ये ही वाळू सुटायला ओतीव पुन्हा भट्टीत तापवावं लागतं. तीन नगांसाठी एवढा खटाटोप करू नका. दुसरं म्हणजे युरेथेनची दोन भागांची रेझिनं, शॉपमध्ये पेपसेट म्हणतात. काम देखणं होतं, वेळेचा हिशेब पक्का बसतो, पण त्यातल्या एका भागात आयसोसायनेट असतं. त्याची एकदा ॲलर्जी बसली की माणसाला दम्याचा त्रास कायमचा लागू शकतो. जिथं वाफ ओढून घेणारी यंत्रणा आहे तिथं ते ठीक. पडवीत मी ते कुणालाही सांगणार नाही, कितीही आग्रह केला तरी.

थोडक्यात तुमच्यापुरतं: साचा साध्या ओल्या वाळूचा, बेंटोनाइट माती घातलेला, जसा तुम्ही आत्ता करता तसाच. कोअर जवसाच्या तेलाचा, दोन अर्ध्यांत. कोअर फार मोठा निघाला तर सिलिकेट आणि ट्रायॲसिटिन, सिलिकेट साडेतीन टक्क्यांवर, सोबत थोडी मळी. फ्युरान तूर्त बाटलीत. त्या बाटलीवर तारीख बघा. वर्ष उलटून गेलं असेल आणि हलवल्यावर काकवीसारखं घट्ट वाटत असेल तर ते वापरून वाळू वाया घालवू नका. आणि ते गटारात ओतू नका, ज्यांनी दिलं त्यांच्या फाउंड्रीतच परत करा.

पहिल्या घाण्यात एक कोअर जास्तीचा करा. तो मधोमध मोडा आणि रंग बघा. सालीपासून पोटापर्यंत एकसारखा तपकिरी असेल तर बाकीचे ओतायला घ्या, मध्ये फिकट डाग दिसला तर सगळे पुन्हा अर्धा तास ओव्हनमध्ये.

मिक्सरचं राहिलं. नको. पात्यानं वाळू मिसळत नाही, दळली जाते. कण फुटले की धूळ वाढते, आणि धूळ वाढली की बाइंडर जास्त लागतं. वर भांड्याच्या खालचं बुश पंधरा मिनिटांत जाईल. पाच किलोला लोखंडी घमेलं आणि हातमोजे घातलेले दोन हात पुरतात. भाकरीचं पीठ मळताना तळव्यानं रेटतो ना, तसं रेटत पाच-सात मिनिटं मळा. आणि मिक्सर ज्यांचा आहे त्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावला नाही ना अजून?